‘गरज वाटल्यास’ : डिस्चार्ज कार्डावर सही करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

अपघात, अस्थिरोग, शल्यचिकित्सा आणि बालरोग विभागांतल्या सर्व डॉक्टरांना, आणि ओपीडीचं वेळापत्रक ठरवणाऱ्या रुग्णालय प्रशासनाला,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातातून वाचलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं, चालवणं, जिना चढायला लावणं हे माझं रोजचं काम. तुम्ही जीव वाचवता, हाड बसवता, जखम शिवता. त्यानंतरचे महिने माझ्या वाट्याला येतात. तुमच्या सहीचं कार्ड घरी गेल्यावर पुढे काय होतं, ते मला दिसतं. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तेही एका विशिष्ट जखमीबद्दल: ट्रक, बस किंवा डंपरने सायकलला धडक दिली तेव्हा सायकल चालवत नसलेल्या, नुसत्या बसलेल्या माणसाबद्दल. कॅरिअरवर डबलसीट बसलेल्या बहिणीबद्दल, दांडीवर बसवलेल्या मुलाबद्दल, मागच्या छोट्या खुर्चीत बांधलेल्या बाळाबद्दल.

सुरुवात एका बुटापासून करते.

९ वर्षांची मुलगी वडिलांच्या सायकलवर मागे बसली होती. शेजारून जाणारा ट्रक वळला, त्याचं मागचं चाक आत आलं आणि सायकल आडवी झाली. वडिलांचं मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या. तिचा घोटा मोडला. दोन तारा घालून हाड बसवलं, प्लास्टर झालं, सहाव्या आठवड्यात तारा निघाल्या आणि ती माझ्याकडे आली. तीन आठवड्यांत ती पळायला लागली. मी तिच्या कागदावर ‘चाल पूर्ववत’ असं लिहिलं आणि तिला निरोप दिला.

१४ महिन्यांनी तिची आई तिला घेऊन परत आली. तक्रार पायाची नव्हतीच. एकाच पायातला बूट लवकर का खराब होतो, एवढंच आईला विचारायचं होतं. मी बूट हातात घेतला. टाचेची बाहेरची कड इतकी झिजली होती की आतलं कापड दिसत होतं. दुसऱ्या बुटाची टाच जवळजवळ नवी. मुलीला अनवाणी, माझ्याकडे पाठ करून उभं केलं, तेव्हा टाच आतल्या बाजूला कललेली दिसली. दुखतं का, असं विचारलं. नाही म्हणाली. पळता येतं? येतं. मग शाळेत काही अडचण? थोडं थांबून म्हणाली, मुलं म्हणतात तू वाकडी चालतेस.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. नडगीच्या खालच्या टोकाशी हाड ज्या थरातून वाढतं, त्या थराचा आतला भाग अपघातात चिरडला होता. तिथे हाडाचा पूल तयार झाला आणि वाढ थांबली. बाहेरचा भाग मात्र वाढतच राहिला. सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी वाढीच्या थराच्या इजांचे पाच प्रकार १९६३ साली मांडले. अस्थिरोगाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते पाठ असतात. वाढ बिघडल्याचं पहिल्या एक्सरेत कळत नाही, ते कळायला महिने जावे लागतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच अशा मुलाचे दोन्ही घोट्यांचे एक्सरे सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतरही ठरावीक अंतराने काढून शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असतात. पूल छोटा असेल आणि वाढीची वर्षं हातात असतील, तर तो काढून टाकता येतो. या मुलीच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. आता तिचं हाड कापून सरळ करावं लागणार आहे.

मी तिचं कार्ड मागितलं. आईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यावर लिहिलं होतं: ‘पुढील तपासणी ६ आठवड्यांनी. नंतर गरज वाटल्यास.’

गरज कुणाला वाटायची होती? मुलीला दुखत नव्हतं. आईला वाढीचा थर म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त चाल पाहिली, फ्रॅक्चर वाढीच्या थरातून गेलंय का हे विचारलंच नाही, ती चूक माझी. आणि तुम्ही त्या दोन शब्दांवर सगळा भार टाकून मोकळे झालात.

माझी मागणी एवढीच आहे की ‘गरज वाटल्यास’ हे शब्द या जखमींच्या कार्डावरून काढून टाका. त्यांच्या जागी तारीख लिहा, त्या तारखेला काय पाहायचं आहे ते लिहा, आणि त्याची जबाबदारी कुणाची आहे त्याचं नाव लिहा. जड वाहनाच्या धडकेत सापडलेल्या या माणसाच्या बऱ्याच इजा अशा असतात की गरज जाणवण्याची शक्तीच त्या हिरावून घेतात. हे मी एकेका उदाहरणाने सांगते, कारण हे तुम्हाला पटल्याशिवाय कार्ड बदलणार नाही.

आधी, मागे बसलेला माणूस वेगळा का मोजायचा? सायकल चालवणाऱ्याला वाहन दिसतं, निदान ऐकू येतं. त्याच्या हाताखाली हँडल आणि पायाखाली पॅडल असतं, उडी मारायला किंवा सायकल सोडून द्यायला त्याला क्षणभर मिळतो. मागे बसलेल्याला समोर फक्त चालवणाऱ्याची पाठ दिसते. पाय अधांतरी लटकत असतात, एका बाजूला पाय सोडून बसला असेल तर अंग आधीच पिळलेलं असतं, आणि हात ज्याला धरून असतात तोच खाली जातो. लहान मुलाचा पाय त्या क्षणी चाकाच्या आऱ्यांमध्ये जातो. टाचेवरची कातडी पहिल्या दिवशी नुसती खरचटल्यासारखी दिसते आणि काही दिवसांत काळी पडते. दांडीवरच्या मुलाच्या पोटात हँडलचं टोक घुसतं. वरून एक गोल वळ, आत मात्र स्वादुपिंडाला किंवा आतड्याला इजा, जी एकदोन दिवसांनी तोंड वर काढते.

त्यात वाहन जड. वळताना लांब वाहनाची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणूनच कितीतरी वेळा धडक अशी लागतच नाही. सायकल बाजूने ढकलली जाते आणि माणूस मागच्या चाकाखाली येतो. नातेवाईक सांगतात, ‘गाडी अगदी हळू होती’, आणि आपण सगळेच त्या ‘हळू’ला भुलतो. काही टन वजनाचं चाक सावकाश अंगावरून जातं तेव्हा आदळण्याची इजा कमी असते. चिरडण्याची आणि कातडी खेचली जाण्याची इजा प्रचंड असते.

दुसरी एक बाई आठवते. बसने सायकलला बाजूने ढकललं, तेव्हा ती कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली होती. एक्सरे स्वच्छ, कातडी शाबूत, दुसऱ्या दिवशी दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी. पाच आठवड्यांनी ती माझ्याकडे कंबरदुखी म्हणून आली. मी तिला कुशीवर निजवलं आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दोन्ही तळवे ठेवले. एका हाताने दाबलं की दुसऱ्या हाताखाली लाट यायची, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी. मी विचारलं, दुखतंय का? तिने मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तुम्ही हात लावलाय हे मला बघितल्यावर कळलं.’ मग बोलता बोलता सांगितलं की त्या दिवशी नेसलेल्या कपड्यावर, बरोब्बर तिथे, टायरचा ठसा होता. तो कपडा घरच्यांनी टाकून दिला. फाईलमध्ये त्या ठशाचा उल्लेख नव्हता. ‘सायकलवरून पडून मुका मार’ असं लिहिलं होतं.

मोरेल-लावाले या फ्रेंच डॉक्टरने १८५३ साली या इजेचं वर्णन केलं, तिला आज त्याचंच नाव आहे. चाक कातडीला आणि तिच्याखालच्या चरबीला स्नायूच्या आवरणापासून ओरबाडून सोडवतं. वरून जखम नसते, आत पोकळी होते आणि तिच्यात रक्त, लसिका, विरघळलेली चरबी साठते. लवकर कळलं तर दाबपट्टी बांधून किंवा सुईने, नळीने पाणी काढून बरंचसं निभावतं. उशीर झाला की भोवती जाड पिशवी धरते आणि मग ती कापूनच काढावी लागते. तिच्यात जंतू शिरले तर आणखी वाईट. आणि कातडीकडे येणाऱ्या नसा तुटलेल्या असल्याने ती जागा बधिर असते. त्या बाईला गरज कशी वाटणार होती?

पुढची उदाहरणं थोडक्यात सांगते, कारण ती तुमच्या रोजच्या ओळखीची आहेत. डोक्याला लागलेल्या वयस्क माणसाच्या मेंदूभोवती हळूहळू रक्त साठतं, तीनचार आठवड्यांनी तो गोंधळतो, तोल जातो, शब्द विसरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. जो स्वतःच गोंधळलेला आहे त्याने ‘गरज’ ओळखून यायचं, ही अपेक्षा आपण करतो. फुटलेली प्लीहा (पोटातली पाणथरी, जी जंतूंशी लढते) काढलेल्या माणसाला तर महिन्याभरात ठणठणीत वाटतं. त्याला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी द्यायच्या असतात, तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर त्या साधारण दोन आठवड्यांनी देतात, आणि यापुढे आयुष्यभर साधा ताप आला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. परत येईल याची खात्री नसेल तर घरी पाठवण्याआधीच लस टोचा, पण ‘ताप आला तर’ हे वाक्य त्याच्या घरच्यांकडून वदवून घ्या. श्रोणीचं (कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं) किंवा मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्याच्या पायात गुठळी होते. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरी किती दिवस घ्यायची, कधी थांबवायची आणि पोटरी सुजली किंवा एकदम धाप लागली तर किती तातडीने निघायचं, हे कार्डावर असतंच असं नाही. बराच वेळ चिरडला गेलेला स्नायू मूत्रपिंडाला इजा करतो, हे १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या लोकांवरून दाखवून दिलं. तेव्हापासून वॉर्डात आपण लघवीचा रंग पाहतो, रक्त तपासतो. पण ज्यांची मूत्रपिंडं तेव्हा थकली होती, त्यांची घरी गेल्यावर पुन्हा रक्ततपासणी कधी, हेही लिहा.

श्रोणी मोडलेल्यांबद्दल मात्र मी थोडं थांबून बोलणार आहे. लघवीच्या मार्गाला इजा झाली असेल तर तो पुढे आकसतो. धार बारीक होते, वेळ लागतो, कुंथावं लागतं. पुरुष हे सांगत नाहीत. लैंगिक संबंधांतल्या अडचणी तर कुणीच सांगत नाही, पुरुष नाही, बाई नाही. माझ्याकडे एक तरुण दीड वर्ष व्यायामाला येत होता. कंबर किती वाकते, पाय किती उचलतो, सगळं मी मोजलं. शेवटच्या दिवशी दार अर्धं उघडून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, ‘लग्न करायला हरकत नाही ना?’ तो प्रश्न दीड वर्ष त्याच्या पोटात होता, आणि इतक्या डॉक्टरांनी तपासूनही त्याला तो विचारायला जागा मिळाली नव्हती. जागा आपण करून द्यायची असते. तिसऱ्या महिन्याच्या भेटीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, दोन साधे प्रश्न. दोन मिनिटं लागतात.

आता घराबद्दल. सायकलवरच्या दोन माणसांपैकी चालवणारा बहुधा बाप, भाऊ, नवरा किंवा मित्र असतो. माझ्यामुळे हे झालं, असं त्याला वाटत असतं. वळला ट्रक, पण अपराधी वाटतं सायकल चालवणाऱ्याला. त्या मुलीचे वडील एकदाही माझ्या खोलीत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायचे, मनगटाचा पट्टा दुसऱ्या हाताने घट्ट धरून. तिला व्यायाम करताना ओरडायची परवानगी होती, पण ती ओठ दाबून धरायची. नंतर तिने सांगितलं, ‘बाबांना ऐकू जातं.’ ज्या घरात मूल बापाला वाईट वाटू नये म्हणून दुखणं लपवतं आणि बाप उपचाराच्या खोलीत पाऊल ठेवायलाही घाबरतो, त्या घराकडून गरज ओळखून, आपणहून परत येण्याची अपेक्षा ठेवू नका.

मनाच्या इजेचं तसंच. पहिल्या महिन्यात झोप उडणं, ब्रेकच्या आवाजाने दचकणं, तोच क्षण पुन्हा पुन्हा दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही तर नीट तपासणी आणि उपचार हवेत, आणि त्यावर खात्रीचे उपचार आहेत. अपघातानंतर लगेच प्रत्येकाला बसवून सगळं पुन्हा बोलायला लावण्याचा प्रघात काही ठिकाणी होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत तो करू नये असंच सांगितलं आहे. म्हणजे सुरुवातीला घाई नको, पण महिन्याने विचारायला विसरूही नका. धक्क्यानंतरच्या या आजाराचं (पीटीएसडीचं) एक मुख्य लक्षणच टाळणं हे आहे. ज्याला त्या रस्त्यावरून जाववत नाही, तो त्याच रस्त्याने तुमच्या ओपीडीत येणार नाही. लहान मुलं तर बोलतही नाहीत. ती अंथरूण ओलं करतात, आईला सोडत नाहीत, खेळण्यातल्या गाड्यांची तीच तीच धडक घडवत बसतात. हे आईला विचारल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांनी (गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांनी) पायाला गंभीर इजा झालेल्या ५६९ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. पाय वाचवणं बरं की कापणं, हा मूळ प्रश्न होता. २००२ साली निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि दोन्ही गटांतले सुमारे निम्मेच लोक कामावर परतले होते. परत उभं राहण्याचा संबंध शस्त्रक्रियेच्या निवडीपेक्षा शिक्षण, मिळकत, आजूबाजूचा आधार आणि ‘मला जमेल’ हा आतला विश्वास यांच्याशी जास्त होता. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचं कौशल्य त्याने कमी होत नाही. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेरची दोन वर्षं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यातून मला पटलं. रस्ते अपघातांत दरवर्षी जगभरात २ ते ५ कोटी माणसं जखमी होऊन जगतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांची ती दोन वर्षं कुणीतरी पाहायला हवीत.

मागे बसलेल्याची नोंद करायला आपल्याकडे जागाच नाही, असं कुणी म्हणू नये. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत व्ही-१४ हा गट जड वाहन किंवा बसच्या धडकेत जखमी झालेल्या सायकलस्वारांसाठीच आहे. त्यात चालवणारा वेगळा, बसलेला प्रवासी वेगळा, चढता-उतरताना सापडलेला वेगळा. अपघात रहदारीच्या रस्त्यावर झाला की आवारात, हेही वेगळं. अमेरिकेत वापरतात त्या विस्तारित आवृत्तीत तर शेवटचं अक्षर भेटीनुसार बदलतं: चालू उपचारासाठी एक, नंतरच्या देखभालीच्या भेटींसाठी दुसरं, मागे राहिलेल्या परिणामांसाठी तिसरं. हा माणूस पुन्हा येणार आहे, हे वर्गीकरण करणाऱ्यांनी गृहीत धरलंय. आपल्या फाईलमध्ये मात्र चालवणाऱ्याची हकीकतच बसलेल्याच्या कागदावर उतरवली जाते.

म्हणून दाखल करतानाच बसलेल्याला, किंवा पाहिलेल्या कुणाला, वेगळं विचारा. मागे होता की दांडीवर? पाय एका बाजूला होते की दोन्हीकडे? कोणत्या कुशीवर पडला? चाक अंगावरून गेलं, की ओढत नेलं? कपड्यांवर ठसा आहे का? ही एक ओळ फाईलमध्ये असती, तर त्या बाईचा खुबा पहिल्याच दिवशी कुणीतरी दाबून पाहिला असता.

गंभीर जखमींची दाखल झाल्यानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करण्याची पद्धत एंडरसन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली, कारण पहिल्या धावपळीत इजा सुटतात. ती आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. तशीच एक तपासणी पहिल्या फॉलोअपला करा, एवढी माझी विनंती आहे. रुग्ण आला की प्लास्टर पाहून, एक्सरे उजेडात धरून, ‘छान आहे’ म्हणून पाठवू नका. त्याला उभं करा. जमत असेल तर चालवा. पाठ, खुबे, टाचा उघड्या करून पाहा. शुद्धीवर नसताना जे हात-पाय दुखत नव्हते, ते आता दुखायला लागले असतील. बोटाचं एखादं मोडलेलं हाड, गुडघ्यातला एखादा तुटलेला बंध असाच सहा आठवड्यांनी सापडतो. तुम्हाला वेळ नसेल तर हे आम्हाला सांगा. आम्ही फिजिओथेरपिस्ट, परिचारिका हे करू शकतो आणि जे खटकेल ते तुमच्यासमोर आणू शकतो. पण ते आमच्याकडे सोपवलंय, असं लेखी असू द्या.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, मी ते बऱ्याचदा ऐकलंय: बोलावलं तरी पेशंट येत नाहीत. खरं आहे. पण जरा त्यांच्या बाजूने पाहा. हाडाची ओपीडी एका दिवशी, कातडीच्या ग्राफ्टचं ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी, लघवीच्या तपासणीचा दिवस तिसरा, माझा चौथा. प्रत्येक फेरीला सोबत कुणीतरी हवं, त्याचं काम बुडतं. कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाला आपण चार दिवस चार मजले चढायला लावतो आणि मग तो आला नाही म्हणून त्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहितो. या सगळ्या भेटी एका दिवशी, एका मजल्यावर आणणं हे प्रशासनाचं काम आहे, म्हणूनच हे पत्र प्रशासनालाही आहे. आणि तारीख चुकली तर त्याच आठवड्यात एक फोन जाऊ द्या. ‘का आला नाहीत’ असं न विचारता ‘कसे आहात’ असं विचारणारा. माझ्या अनुभवात त्या फोननंतर बरेच जण येतात.

आणि कारण सांगा. त्या मुलीच्या आईला कुणी म्हटलं असतं की ‘हाड जुळलंय, पण ते सरळ वाढतंय की नाही हे आपल्याला वर्षभर बघावं लागेल, तिला दुखत नसलं तरी’, तर ती आली असती. जिने कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं, ती तारीख चुकवणारी बाई नव्हती. तिला तारीखच मिळाली नव्हती.

तिचं कार्ड आता माझ्यासमोर आहे. त्याच्या मागच्या बाजूला मी जे लिहिलं तसंच काहीसं तुमच्या छापील कार्डावर असावं. ‘वडिलांच्या सायकलवर मागे बसलेली, ट्रकचं मागचं चाक उजव्या घोट्यावरून. हाड कापून सरळ करायची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोन्ही घोट्यांचा एक्सरे आणि दोन्ही पायांची लांबी, वाढ पूर्ण होईपर्यंत. दर भेटीत दोन्ही बूट घेऊन येणे. झोप, शाळा, सायकलची भीती याबद्दल आईला बाजूला घेऊन विचारणे. वडिलांनाही आत बोलावणे.’ खाली माझं नाव आणि ज्या नंबरवर मी फोन उचलते तो नंबर लिहिला आहे. त्याच्या वर तुमच्यापैकी एका डॉक्टरच्या नावासाठी ओळ रिकामी सोडली आहे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट